दार्जिलिंगजवळ दिसलेला मोठा तपकिरी पतंग ॲटलस आहे की दुसरी जात?

पंखांवरील पारदर्शक त्रिकोणी खिडक्या आणि प्रचंड आकार एवढ्यावरून ॲटलस पतंग, म्हणजे अटॅकस ॲटलस, असा निर्णय देऊ नये, कारण पूर्व हिमालयात त्याचा निकटचा नातेवाईक आर्किओअटॅकस एडवर्ड्‌सी हाही आढळतो आणि त्याच्या पंखांवरही तशाच खिडक्या असतात. तुम्ही वर्णन केलेला गडद चॉकलेटी रंग, पंखांवरचे ठळक पांढरे पट्टे आणि विशेषतः पोटावरचे पांढरे कडे पाहता हा एडवर्ड्‌सी असावा, असे माझे मत आहे. ॲटलसचा रंग तांबूस-नारिंगी छटेचा असतो.

दोन्ही सॅटर्निडी कुळातील आहेत. लिनीयसने 1758 मध्ये ॲटलसचे शास्त्रीय वर्णन केले. एडवर्ड्‌सी 1859 मध्ये प्रथम अटॅकस या प्रजातीतच (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नोंदवला गेला आणि पुढे स्वतंत्र प्रजातीत हलवला गेला. जुन्या पुस्तकांत म्हणूनच तो अटॅकस नावाने सापडेल.

नर-मादी ओळखायची असेल तर शृंगिका (डोक्यावरच्या मिशा, antennae) पाहाव्यात: नराच्या अधिक रुंद, पिसांसारख्या असतात. पतंगाला कृपया पकडून ठेवू नका. प्रौढ अवस्थेत त्याला अन्न घेता येत नाही आणि प्रजननासाठी मोजकेच दिवस मिळतात. पोट स्पष्ट दिसेल असे छायाचित्र ओळखीसाठी पुरेसे आहे.