झीझी टॉप ऐकायला सुरुवात करताय? मग हे वाचा

झीझी टॉप म्हणजे अमेरिकेतला ब्लूज-रॉक बँड. सुरुवात त्यांच्या व्हिडिओंपासूनच करा, बिनधास्त. १९८३ च्या 'एलिमिनेटर' या अल्बममधली 'गिमी ऑल युअर लव्हिन', 'शार्प ड्रेस्ड मॅन' आणि 'लेग्ज' ही तीन गाणी याच क्रमाने बघा. तिन्हींचा दिग्दर्शक एकच, टिम न्यूमन. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, गाड्या लावणारा मुलगा, चपलांच्या दुकानातली बिचारी मुलगी. कुणीतरी पिचलेलं असतं आणि लाल १९३३ फोर्ड येऊन त्याचं नशीब पालटते. बँडमधले दाढीवाले स्वतः नायक नसतात, ते नुसते प्रकटतात, किल्ली देतात, गायब होतात. 'लेग्ज'मधल्या गरगर फिरणाऱ्या केसाळ गिटारी मला आजही तेवढ्याच आवडतात!

आता नवीन मंडळी हमखास कुठे चुकतात ते सांगतो:

- सिंथेसायझर ऐकून 'हे कसले ब्लूज?' म्हणत सोडून देतात. थांबा, १९७३ चा त्यांचा 'ट्रेस ओम्ब्रेस' हा अल्बम लावा. त्यातल्या 'ला ग्रेंज'मध्ये ब्लूज गायक जॉन ली हूकरचा बूगी, म्हणजे त्याचा तो झुलता ठेका, सरळ ऐकू येतो.
- 'ट्रेस ओम्ब्रेस'ची १९८७ ची रीमिक्स आवृत्ती घेतात. तिच्यातले ड्रम कृत्रिम वाटतात. मूळ मिक्सच शोधा.
- मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात. डस्टी हिलचा बास गेला की निम्मं गाणं गेलं. साधे हेडफोन चालतील.

बँडचा गिटारवादक बिली गिबन्स याच्या गिटारी, अँप, ट्यूनिंग यांत इतक्यात शिरू नका. 'ट्रेस ओम्ब्रेस' सलग ऐका, शफल बंद ठेवून. पहिली दोन गाणी एकमेकांना जोडलेली आहेत. ऐकून झालं की कळवा, पुढचा अल्बम सांगतो.