सात महिन्यांच्या बाळाला घेऊन जर्मनीला जायचं आहे, त्याच्या खाण्याचं काय करू?

तुम्ही लिहिलंय की बाळाला नुकतीच पेज सुरू केलीय, पुढच्या महिन्यात तीन आठवडे म्युनिकला जायचंय, आणि बरोबर काय न्यावं ते कळत नाहीये. माझी लेक सात महिन्यांची असताना नवऱ्याच्या कामासाठी आम्ही अगदी असेच तिथे गेलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मनावरचं ओझं उतरवा. या वयात बाळाचं मुख्य अन्न अजून दूधच असतं. पोचल्यावर पहिले चार दिवस माझ्या लेकीने तोंडच उघडलं नाही. चमचा ओठांशी नेला की मान फिरवायची, आत गेलेलं खिमट जिभेने हळूच बाहेर ढकलायची. मी रडकुंडीला आले होते. ती फक्त अंगावर पीत राहिली, लंगोट नेहमीसारखे ओले होत होते, म्हणून डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की जबरदस्ती करू नका. पाचव्या दिवशी बागेतल्या बाकावर तिने माझ्या हातातला चमचा स्वतःच ओढून घेतला.

आता सामान. सासूबाईंनी खिमटाचं पीठ करून दिलं होतं: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन, सावलीत वाळवून, चिमूटभर जिऱ्याबरोबर भाजून रवाळ दळलेलं. त्याच्याबरोबर थोडं नाचणीचं सत्त्व. बस, एवढंच न्या. पण तूप नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यात तूपही आलं. बाळाचं पावडरचं दूध आणि तयार बाळअन्न यांना माणशी 2 किलोपर्यंत सूट आहे. मात्र ते कंपनीचं सीलबंद पाकीट हवं आणि उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं नको. म्हणून घरच्या पिठात दुधाची पावडर मिसळू नका.

तुपावाचून अडत नाही. तिथल्या वाणसामानाच्या दुकानात 'बुटरश्माल्त्स' मिळतं, ते म्हणजे कढवलेलं लोणीच. 'रोटे लिन्झेन' म्हणजे आपली मसूर डाळ, आणि 'मिल्शराइस' नावाचा आखूड गोल तांदूळ मऊ भातासाठी फार छान. मसूर, तांदूळ, गाजर एकत्र शिजवून गाळणीतून काढलं की झालं. त्यासाठी शेगडी मात्र हवी, म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा बघा. इलेक्ट्रिक किटलीत खिमट शिजत नाही.

तयार बाळअन्न डीएम किंवा रोसमान या दुकानांत मिळतं. हिप या कंपनीच्या 125 ग्रॅमच्या काचेच्या बाटल्यांपासून सुरुवात करा. बाकावर लेकीने जे खाल्लं ते 'पास्टिनाके' होतं, गाजराच्या आकाराचं पण पांढरं, गोडसर कंद. बाटलीवर 'चौथ्या महिन्यानंतर' असं छापलेलं दिसेल, त्याने गोंधळू नका, आपण सहा महिन्यांनंतरच सुरू केलंय ते योग्यच आहे. मोठ्या बाटल्यांत अनेकदा मांस असतं: 'रिंट' म्हणजे गोमांस, 'हून' म्हणजे कोंबडी. 'होनिश' म्हणजे मध, तो एक वर्षाच्या आत अजिबात नको. 'त्सुकर' आणि 'झाल्त्स', म्हणजे साखर आणि मीठ, नसलेलंच घ्या.

अंडं, शेंगदाणा असे पदार्थ पहिल्यांदा द्यायचे असतील तर निघण्याच्या दोन आठवडे आधी घरी देऊन बघा, नाहीतर परत आल्यावर. परक्या गावात बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तर आपल्याला काही सुचत नाही. नवीन भाजी देतानाही एका वेळी एकच, आणि पुढची दोन-तीन दिवसांनी.

विमानात शिजवलेलं खिमट थर्मासमधून नेण्याच्या भानगडीत पडू नका, तासन्‌तास तसं ठेवलेलं अन्न बाळाला नको. एक पिकलेलं केळं, वाटी-चमचा आणि लाळेरं पुरे. बाळाचं दूध, पाणी, खाणं यांना 100 मिलिलिटरचं बंधन लागू होत नाही, पण तपासणीत ते वेगळं काढून दाखवावं लागतं. विमान चढताना-उतरताना पाजत राहा, कान कमी दुखतात.

प्रवास आणि नवं खाणं यामुळे पोट साफ न होण्याची शक्यता असते. आमच्याकडे ती खायला लागल्यावर 'बिर्ने', म्हणजे नाशपातीचा गर, दिला आणि मोकळं झालं. ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवाच, आणि निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून लसींचंही विचारून घ्या.

शेवटी एक: तिथे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पोचणार असाल तर सोमवार सकाळपर्यंत पुरेल एवढं पीठ केबिनच्या बॅगेतच ठेवा, चेक-इन सामानात नको.