पहिला प्रश्न

पोरी,

तुझं पत्र परवा आलं. लगेच उत्तर लिहायला बसले आणि तीन ओळींवर थांबले. तिन्ही ओळी तुला धीर देणाऱ्या होत्या, आणि तुला सध्या धीरापेक्षा कामाच्या गोष्टी हव्या आहेत. वसतिगृहाची जबाबदारी अंगावर येऊन चार महिने झाले नाहीत तोच दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या गादीखाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. ती रडली, ‘मॅडम, घरी कळवू नका, मी आजपासून सगळं बंद करते’ म्हणाली. तू ‘बरं’ म्हणालीस आणि तेव्हापासून तुझ्याच डोळ्याला डोळा नाही. कळवायचं की नाही, हे तू विचारलंयस. त्याचं उत्तर देईन, पण आधी दुसरं.

तू ओझरतं लिहिलंयस की रविवारी सकाळी तिच्या रूममेटनं तिला हलवून हलवून उठवलं, आणि रात्री ती ‘विचित्र घोरत होती’. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, दारू, आणि अफूच्या कुळातली वेदनाशामकं किंवा हेरॉइन या सगळ्यांनी श्वास मंदावतो. यातलं दोन प्रकारचं एकत्र पोटात गेलं तर श्वास थांबूही शकतो. जड घोरणं किंवा घशातला गुळगुळ आवाज ही कित्येकदा गाढ झोप नसते, श्वास अडखळत असतो. ‘झोपू दे, उतरेल सकाळपर्यंत’ हे कुठल्याही वसतिगृहातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे.

म्हणून त्या रूममेटला आणि रात्रपाळीच्या माणसाला आजच सांगून ठेव. हाक मारून, खांदा जोरात हलवून कोणी जागं होत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, श्वास फार सावकाश चालला असेल, तर आधी रुग्णवाहिका, मग तुला फोन. उलटी घशात अडकू नये म्हणून तिला कुशीवर वळवायचं, आणि क्षणभरही एकटं सोडायचं नाही. श्वास थांबलाच तर रुग्णवाहिकेच्या फोनवरचा माणूस सांगेल ते करत राहायचं. थंड पाणी ओतायचं नाही, कॉफी किंवा मिठाचं पाणी पाजायचं नाही. शुद्ध नसलेल्या माणसाला काहीच पाजायचं नसतं. डॉक्टरांपुढे लाज धरायची नाही. काय घेतलं, किती, कशासोबत, जे माहीत असेल ते सांगायचं, पट्ट्या सोबत न्यायच्या. अफूच्या कुळातल्या द्रव्यांवर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. अमेरिकेत त्याला १९७१ साली मान्यता मिळाली, आता तो नाकात मारायच्या फवाऱ्यातही येतो. तुमच्या दवाखान्यात आहे का ते विचार. पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो आणि द्रव्य त्याहून जास्त वेळ शरीरात राहू शकतं. त्यामुळे डोळे उघडले तरी दवाखाना चुकवायचा नाही. झोपेच्या गोळ्यांवर तो चालत नाही, पण काय घेतलंय ते कळत नसेल तर दिल्यानं अपायही होत नाही.

मुली फोन करायला कचरतात, कारण फोन केला की नाव येतं आणि नाव आलं की खोली जाते. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी यावर नियमच केला आहे: जीव वाचवण्यासाठी मदत मागितली तर त्या प्रसंगाबद्दल मागणाऱ्यालाही शिक्षा नाही आणि जिच्यासाठी मागितली तिलाही नाही. तुमच्याकडे असा नियम नसेल तर प्राचार्यांकडून तो लेखी मिळवायचा प्रयत्न कर. भिंतीवरच्या व्यसनमुक्तीच्या भित्तिपत्रकांपेक्षा (मी स्वतः कितीतरी चिकटवली आहेत) त्या एका कागदाचा उपयोग जास्त.

आता माझी एक गोष्ट. तुझ्यासारखीच नवी होते तेव्हा एक मुलगी संध्याकाळी माझ्या खोलीत आली. बराच वेळ अभ्यासाचं बोलली. मग खाली बघत म्हणाली, ‘मला थांबायचंय, जमत नाहीये.’ आणि मी विचारलं, ‘कोणाकडून घेतेस?’ मला वाटलं मी जबाबदारीनं वागतेय, मुळावर घाव घालतेय. तिचा चेहरा मिटला. ‘नाही, तसं काही नाही,’ म्हणून उठली. पुढच्या सत्रात तिचं नाव हजेरीपटावर नव्हतं. ती कुठे गेली, मला कधीच कळलं नाही. थांबायला मदत मागायला आलेल्या मुलीला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. विकणाऱ्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा, पण तो तपास करणाऱ्यांनी करावा, तिच्या तोंडून तू नव्हे.

मग पहिला प्रश्न कोणता? मी पुढे विचारू लागले तो हा: ‘त्यातून तुला काय मिळतं?’ ऐकायला विचित्र वाटतो, जणू आपण नशेची बाजू घेतोय. पण मुली यावर खरं बोलतात. कोणी म्हणते, डोक्यातला गोंगाट थांबतो. कोणी म्हणते, चारचौघीत बसता येतं. आणि काय मिळतं हे सांगून झालं की काय जातंय हे ती स्वतःच बोलायला लागते, आपण सांगावं लागत नाही. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली दारूच्या रुग्णांबाबत हेच मांडलं आणि पुढे त्याची एक उपचारपद्धतीच झाली. आपण ‘सोड, सोड’ म्हणत राहिलो की माणूस न सोडण्याची कारणं शोधतो. सोडण्याचं कारण त्याच्या स्वतःच्या तोंडून आलं तरच ते धरतं.

तुझ्या या मुलीचं मला जे दिसतंय ते असं. पट्ट्या दोन तऱ्हेच्या आहेत म्हणतेस. एक जागं ठेवणारी, दुसरी झोपवणारी. परीक्षेच्या दिवसांत हा फेरा फार दिसतो. लक्ष टिकत नाही अशा आजारावरच्या उत्तेजक गोळ्या कोणाच्या तरी चिठ्ठीवरच्या, मैत्रिणीमार्फत फिरत येतात. त्यांनी जागरण होतं, आपण खूप काम केलं असं वाटतं, आणि मग पहाटे झोप येईना म्हणून दुसरी गोळी. तिच्या डोक्यात हे ‘ड्रग्ज’ नाहीच. ड्रग्ज म्हणजे पावडर, सुया, अंधारी गल्ली. तू जर ‘व्यसनी’ हा शब्द वापरलास तर ती म्हणेल, मॅडम दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत. तो शब्द तू वापरूच नकोस. जी द्रव्यं घेते ती प्रत्येक मुलगी व्यसनी नसते. कोणती आहे आणि कोणती नाही, हे ठरवणं तुझं काम नाही, माझंही नव्हतं. ते डॉक्टरांचं.

डॉक्टरांकडे तिला या आठवड्यातच न्यायला हवं, त्याचं कारण तिचं ते वचन. ‘आजपासून सगळं बंद.’ तुला ते ऐकून हायसं वाटलं असेल, मला धस्स झालं. झोपेच्या आणि चिंतेवरच्या बऱ्याच गोळ्या रोज, बरेच दिवस घेतल्या असतील तर एका झटक्यात बंद केल्यानं आकडी येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. रोजच्या दारूचंही तेच. अशा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. अफूच्या कुळातल्या द्रव्यांचा धोका उलट्या टोकाला असतो. सोडताना हाल होतात, पण खरी भीती नंतर. काही आठवडे दूर राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग जुन्याच हिशोबानं घेतलेला एक डोस जीव घेतो. सुट्टीवरून किंवा उपचारांवरून परतलेल्या मुलीवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं लागतं ते यासाठी. आपण नेमकं तेव्हाच सुस्कारा टाकतो.

कळवायचं की नाही. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं म्हणाली असशील तर उद्या ते मागे घे. तिला तोंडावर सांग, ‘जिवाला धोका दिसला तर मी सांगणार, आणि सांगण्याआधी शक्य असेल तर तुला कळवणार.’ तिच्या पाठीमागे एकही फोन करू नकोस. घरी सांगायचं तर तिनं सांगावं, तू शेजारी बसावंस. काही घरं अशी असतात की तिथे कळणं हाच धोका असतो, ते आधी तिच्याकडून समजून घे. विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे तिला स्वतः घेऊन जा, नंबर हातात ठेवून मोकळी होऊ नकोस. हातात ठेवलेले नंबर कोणी लावत नाही. पैसे उसने देऊ नकोस, खोटी हजेरी लावू नकोस. खरी रजा मिळवून दे, त्यासाठी भांडावं लागलं तर भांड.

आणि खोली बदल. ही मला फार उशिरा कळलेली गोष्ट. ली रॉबिन्स या अमेरिकी संशोधिकेनं १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला होता. तिथे असताना त्यांच्यातले जवळजवळ पाचांतला एक हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या अगदी थोड्यांनाच पुन्हा व्यसन लागलं. युद्धावरून परतणं आणि वसतिगृहात मजला बदलणं एक नव्हे, मान्य. तरी तीच खोली, तोच जिना, रात्री अकराला दारावर तीच टकटक, याचं बळ आपण फार कमी धरतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठानं १९८८ साली व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आवारातच वेगळं वसतिगृह सुरू केलं. तुझ्याकडे वेगळी इमारत नाही, वेगळा मजला तरी असेल.

ती पुन्हा घेईल, हे धरून चाल. घेईलच असं नाही, पण घेतलं तर तुझ्या चेहऱ्यावर काय दिसेल ते आत्ता ठरवून ठेव. अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं. त्यांचं म्हणणं असं की एकदा पाय घसरल्यावर माणूस ‘आता सगळंच गेलं’ म्हणतो आणि त्या निराशेपोटी पूर्ण बुडतो. त्यामुळे घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती तुझ्याकडे येते की तुला टाळते, यावर बरंच अवलंबून राहील. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तो अर्धा तास कोणासोबत, कुठे काढायचा, हे तिच्याकडूनच लिहून घे.

रूममेटचं राहिलं. तिला कोणी विचारत नाही. रात्ररात्र शेजारच्या पलंगावरचा श्वास मोजत पडलेली एकोणीस वर्षांची मुलगी ती. तिच्या मनात चुगली केल्याचा अपराधभावही असेल आणि आधी न सांगितल्याचाही. तिच्याशी वेगळं बोल, पहारेकरी म्हणून नको. ती थकली असेल तर तिलाही समुपदेशकांकडे जायचा हक्क आहे. तुलाही आहे. पण ते तू ऐकणार नाहीस, म्हणून तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विश्वासात घे, म्हणजे रात्री दोनला विचारायला माझ्याशिवाय दुसरं कोणी असेल.

उद्या ती येईल तेव्हा दार लावून घे, फोन खणात टाक. पट्ट्यांवरची नावं एका कागदावर उतरवून ठेव. किती दिवसांपासून, रोज किती, कशासोबत, हे ती सांगेल तसं खाली लिही. तोच कागद डॉक्टरांकडे न्यायचा. मला पाठवलास तर तिचं नाव फाडून पाठव.

तुझी
मॅडम