दिल्ली पासिंगची जुनी डिझेल गाडी पुण्यात स्वस्त मिळत असेल, तर घेण्यापूर्वी काय तपासावे?

तुम्ही विचारले आहे की, २०१७ सालची दिल्ली पासिंगची डिझेल हॅचबॅक पुण्यातला एक एजंट इथल्या भावापेक्षा बरीच कमी किमतीत देत आहे, तर ती घ्यावी का आणि घेण्यापूर्वी काय पाहावे. माझ्या मते गाडी मेकॅनिककडे नेण्याआधी ती स्वस्त का आहे, याचा उलगडा करून घ्यावा.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. अंमलबजावणीचे आदेश पुढे बदलत राहिले असले, तरी दहाव्या वर्षाच्या जवळ आलेल्या डिझेल गाडीला तिकडे भाव येत नाही आणि ती इतर राज्यांकडे वळते. एवढेच कारण असेल, तर भिण्यासारखे काही नाही. मात्र तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) खरोखर हाती आहे का आणि एमएच क्रमांक घेताना इथे रोड टॅक्स किती भरावा लागेल, हे आधी विचारा. तो किमतीत मिळवला की स्वस्ताई बरीचशी आटते.

आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि तो बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती येईपर्यंत पैसे देऊ नका. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा, ई-चलाने थकली आहेत का ते बघा आणि आरसीवरच्या मालकाशी प्रत्यक्ष बोला. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवलेली गाडी मधल्या काळात दोन-तीन हातांतून फिरलेली असू शकते, आणि आरसीवर मात्र पहिलाच मालक दिसत राहतो.

मी सांगलीचा असल्यामुळे २०१९ च्या महापुरानंतर कोणतीही जुनी गाडी पाहताना प्रथम सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतो. वरचा भाग धुऊन चकचकीत केलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची फिकट रेघ बहुधा राहून जाते. त्यानंतर सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळांवर गंज आहे का, कार्पेट उचलल्यावर खालचा फोम दमट लागतो का आणि स्टेपनी काढल्यावर खाचेत वाळलेली बारीक माती सापडते का, हे पाहावे. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल, तर काचा बंद करून थोडा वेळ आत बसा. कुबट वास फार काळ झाकला जात नाही. यातल्या दोन खुणा जरी सापडल्या, तरी मी ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेणार नाही, कारण भिजलेले वायरिंग कधी दगा देईल याचा भरवसा नसतो.

इंजिन गार असतानाच सुरू करायला लावा; तुम्ही पोहोचण्याआधीच बॉनेट गरम लागत असेल, तर पुन्हा कधीतरी या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, आणि गाडी तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट किंवा इंजेक्टर मेकॅनिकला दाखवा. मीटरवरच्या किलोमीटरवर मी फारसा विसंबत नाही. चाळीस हजार रनिंग सांगितलेल्या गाडीचे क्लच पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी मागा. टायरवरच्या चार आकड्यांतून तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते कळते.

व्यवहार ठरलाच, तर विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. टोकन देताना पावतीवर गाडीचा क्रमांक, रक्कम आणि दिल्लीची एनओसी न मिळाल्यास पैसे परत करण्याची अट लिहून घ्या. एजंट त्याला तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहा.