जुन्या कपड्यांपासून नव्या फॅशनचे कपडे करायचेत, धुळ्यात कोणतं मशीन बसवू?

मशीन आत्ताच घेऊ नका. आधी कापड ओळखायला शिका.

2018 ची गोष्ट. अमळनेरला माझं शिवणकाम जोरात होतं. एका प्रशिक्षणात सरांनी सांगितलं, "जुनं कुठलंही कापड पिंजून घ्या, नवा धागा मिळतो." मी बोहारणींकडून ऐंशी किलो जीन्स घेतल्या. नुसत्या चेनी, बटणं, रिवेट काढायला आम्हा चौघींना बारा दिवस लागले. पिंजून आलेला पुंजका माझ्या काकांनी दोन्ही चिमटीत धरून हळूच ओढला. अमळनेरच्या प्रताप मिलच्या सूतकताई खात्यात त्यांचा जन्म गेलेला. म्हणाले, "पोरी, याले लांबीच नई. तार तुटी जाई."

मी सरांचं ऐकलं. पुंजका पानिपतला सूत काढायला पाठवला. ते सूत मागावर चढवलं आणि दर हाताला तार तुटायला लागली. सरांनी नंतर माझ्याच मालाला दोष दिला. अहो, "कुठलंही कापड" कोण म्हणालं होतं?

आपल्याकडच्या नव्या कापसाचा तंतू साधारण 28 मिलिमीटरचा. जुनं कापड फाडताना तो तुटून आखूड होतो, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावंच लागतं आणि सूत जाड निघतं. निम्म्या जीन्समध्ये लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा होता, तो तर पिंजताना ताणतो आणि गुंततो. कापूस विरघळवून पुन्हा तंतू ओढायचं रासायनिक तंत्र आहे, पण त्याला मोठा कारखाना लागतो. स्वीडनची रिन्यूसेल ही कंपनी जुन्या सुती कपड्यांपासून यासाठीचा लगदा बनवायची, तीसुद्धा 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. इन्फ्रारेड स्कॅनर कापड ओळखतो, पण काळ्या कापडावर अडखळतो. तुमच्या आकाराच्या धंद्याला काडेपेटीची काडी पुरेल: सुती कापड जळताना कागदासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून मणी होतो.

म्हणून धागा काढायचा नाद सोडा, चांगला भाग कापून नवा कपडा जोडा. नवं तंत्र हवंच असेल तर ते पॅटर्नसाठी वापरा. संगणकावर आखणी केली की तुकडा वाया कमी जातो. माझी जॅकेटं आता अशीच होतात.

हां, शिलाई कारखान्याची एकाच सुती कापडाची, न वापरलेली कात्रणं मिळत असतील तर हिशेब बदलतो, तंतू बरा राहतो. तरी पहिला पुंजका मिलमधल्या एखाद्या जुन्या कामगाराच्या हातात द्या. तो ओढून सांगेल ते लिहून ठेवा. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे.