घरात फोटो काढताना फ्लॅश आणि खोलीतला उजेड यांचा मेळ कसा घालावा?

आपला प्रश्न असा आहे की, आजीचा फोटो घरात फ्लॅश न लावता काढला तर तो हललेला येतो आणि लावला तर चेहरा पांढराफटक पडून मागचे घर काळोखात बुडते. मग तोल साधावा कसा? यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मी बरीच वर्षे लग्नाचे आणि घरगुती फोटो काढतो आहे, आणि सुरुवातीला माझीही हीच फजिती होत असे. भरदुपारी माजघरात काढलेला आबांचा फोटो पाहून त्यांच्या नातवाने "हा रातचा होय काय?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते.

फ्लॅशच्या फोटोत खरे तर दोन एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचे दोन ठसे, एकावर एक चढलेली असतात. कमी पॉवरवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लवकर संपते, त्यामुळे शटर किती वेळ उघडे आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. खोलीतला उजेड मात्र शटर मिटेपर्यंत झिरपत राहतो. शटर १/५० सेकंदावरून १/२०० वर नेले की खोली दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) अंधारते आणि चेहऱ्यावरचा फ्लॅश आहे तेवढाच राहतो. अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र, एफच्या आकड्यात) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) दोन्ही उजेडांना सारखेच लागू होतात, म्हणून खोलीची किल्ली शटरकडे आणि चेहऱ्याची किल्ली फ्लॅशच्या पॉवरकडे, असे मी मानतो.

आधी फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा मॅन्युअलवर घेऊन खोली साधारण एका स्टॉपने गडद येईल असे आकडे ठरवावेत. एका बल्बच्या खोलीत माझे आकडे बहुधा आयएसओ १६००, एफ/४ आणि १/५० याच्या आसपास असतात. (१/५० मुद्दाम, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त एलईडी बल्बचे लुकलुकणे या वेगावर फोटोत पट्टे पाडत नाही.) मग फ्लॅश पूर्ण पॉवरच्या १/३२ वर लावून एकेक पायरी वाढवत जावे. ऑटोवर माझा भरवसा नाही, कारण पांढरे लुगडे किंवा काळी घोंगडी समोर आली की त्याचा हिशेब चुकतो.

फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारू नये. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो, म्हणून चेहरा जळतो आणि मागची भिंत उपाशी राहते. तो कशावर तरी आपटून आणावा, असे पुस्तकात सांगितलेले असते, पण आपल्याकडे वर कवेलू किंवा टिन आणि बाजूला निळी-हिरवी भिंत, जी आपला रंग चेहऱ्याला चोपडते. यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे कापूस. वेचणीनंतर भाव चढण्याची वाट पाहत अनेक घरांत छताला भिडेल एवढा ढीग पडलेला असतो. फ्लॅशचे तोंड त्याच्याकडे वळवले की सगळा ढीगच मऊ उजेडाची खिडकी होतो, आणि सुरकुत्या दिसतात पण टोचत नाहीत. कापूस विकला गेला असेल तर धुतलेले पांढरे धोतर दोरीवर ताणून चालते, पण तेवढी मजा येत नाही.

रंगाचे थोडक्यात सांगतो. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप), पिवळ्या बल्बचा २७०० ते ३००० चा. तेव्हा बल्ब पिवळा असेल तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगाची जुळणी) बल्बला जुळवावा. उजेड दारातून येणारा दिवसाचा असेल तर जेल नको.

१/५० वर मान हलली तर चेहऱ्याच्या कडेला पुसट सावली उमटते, म्हणून आजींना पाठ भिंतीला टेकवून बसवावे, आणि भिंतीवर काचेच्या तसबिरी असतील तर त्यांत फ्लॅश चमकत नाही ना, एवढे बटण दाबण्यापूर्वी पाहून घ्यावे.