वाचकांचे प्रश्न : अंधारातला बर्फ उपग्रहाला कसा दिसतो?

प्रश्न : आर्क्टिक समुद्रावर आणि आपल्या किनाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी कॅनडाने एकाच वेळी तीन रडार उपग्रह सोडले, असे वाचनात आले. छायाचित्रे घेणारे इतके उपग्रह असताना रडार कशासाठी, आणि तेही तीन कशासाठी?

उत्तर : आपण म्हणता ते उपग्रह ‘रडारसॅट कॉन्स्टेलेशन मिशन’चे. १२ जून २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरून एकाच फाल्कन ९ रॉकेटने ते कक्षेत नेले. कॅनडाला हे तंत्र नवे नव्हते. पहिला रडारसॅट १९९५ मध्ये आणि दुसरा २००७ मध्ये गेला होता.

कॅमेऱ्याला सूर्यप्रकाश लागतो आणि आर्क्टिकमध्ये त्याचीच वानवा असते. हिवाळ्यात ध्रुवाकडच्या भागात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही, आणि उन्हाळ्यात तो उगवला तरी ढग व धुके आड येतात. रडार मात्र स्वतःच्या लहरी सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपते. या उपग्रहांच्या लहरींची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर आहे. ढगातले थेंब तिच्या मानाने इतके बारीक असतात, की लहरी जवळजवळ विनाअडथळा पार होतात. अँटेना पावणेसात मीटरची असल्यामुळे सुमारे सहाशे किलोमीटर उंचीवरून पाच किलोमीटरपेक्षा बारीक तपशील एरवी दिसला नसता. पण उपग्रह पुढे सरकत असताना एकाच जागेचे हजारो प्रतिध्वनी गोळा करून संगणक त्यांची सांगड घालतो, त्यामुळे छोटी अँटेना कित्येक किलोमीटर लांब असल्यासारखी काम करते.

मात्र हाती येते ते छायाचित्र नव्हे, आणि गफलत होते ती इथेच. रडार प्रामुख्याने पृष्ठभागाचा खडबडीतपणा वाचते. शांत पाणी लहरींना आरशासारखे पलीकडे परतवते, म्हणून ते काळे दिसते. जहाजाच्या पोलादी कोनाकोपऱ्यांवरून त्या थेट माघारी येतात, म्हणून तिथे लख्ख ठिपका उमटतो. सांडलेले तेल पाण्यावरचे बारीक तरंग दाबून टाकते, त्यामुळे त्याचा काळा डाग पडतो. पण वारा पडलेल्या जागीही हुबेहूब तसाच डाग दिसतो, म्हणून तज्ज्ञ आधी त्या वेळच्या वाऱ्याची नोंद पाहतात. चालत्या जहाजाची तर गंमतच होते : त्याच्या वेगामुळे ठिपका मूळ जागेवरून सरकतो आणि जहाज एकीकडे, त्याने मागे सोडलेली पाण्याची रेघ दुसरीकडे, असे चित्र मिळते. या अंतरावरूनच वेगाचा अंदाज बांधता येतो.

बर्फाचेही तसेच. वर्षानुवर्षे टिकलेल्या जुन्या बर्फातून मीठ निथळून गेलेले असते आणि आत हवेचे बुडबुडे उरतात, त्यामुळे तो उजळ दिसतो. नव्या, खारट बर्फात लहरी खोल शिरत नाहीत आणि सपाट असेल तर तो काळसर दिसतो. जहाजांना हा फरक मोलाचा, कारण जुना बर्फ अधिक टणक असतो. उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याचा थर वर साचला, की हा फरक बराचसा पुसला जातो.

तीन उपग्रहांचे कारण साधे आहे : बर्फ रात्रीतून सरकतो आणि जहाज थांबून राहत नाही. तिन्ही उपग्रह एकाच कक्षेत समान अंतर राखून, एकामागे एक ३२ मिनिटांनी येतात. ध्रुवाजवळ त्यांचे मार्ग दाटीने एकवटत असल्याने कॅनडाच्या आर्क्टिक भागातील जागा दिवसातून चार वेळांपर्यंत पाहता येतात. शिवाय जहाजे आपली ओळख सांगणारे जे रेडिओ संदेश सतत पाठवतात, तेही हे उपग्रह ऐकतात. ठिपका दिसतो पण संदेश येत नाही, असे जहाज चौकशीस पात्र ठरते.

लहान लाकडी किंवा फायबरची होडी मात्र या नजरेतून सहज निसटते, कारण तिचा प्रतिध्वनी क्षीण असतो आणि खवळलेल्या लाटांच्या उजेडात तो हरवून जातो. अशा होडीसाठी गस्तीचे विमान किंवा जहाजच पाठवावे लागते.